पीएच.डी. इथली, सहा महिने तिथले

उच्चशिक्षण : वाचकांचे प्रश्न

पीएच.डी. चालू असताना काही महिने परदेशी विद्यापीठात राहून संशोधन करण्यासाठी ज्या अभ्यागत फेलोशिप मिळतात, त्यांच्याविषयी कोकण किनारपट्टीवरून आलेली पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. त्यांतील बहुतेक पत्रांत ग्रीसचा संबंध आला आहे आणि तो ओढूनताणून आलेला नाही. म्हणून उत्तरे देताना ग्रीक संशोधक विद्यार्थ्यांची व्यवस्थाही जरा सविस्तर सांगितली आहे.

प्रश्न : मी मत्स्यविज्ञानात पीएच.डी. करत असून केंड (पफरफिश) माशामुळे मच्छीमारांच्या जाळ्यांचे होणारे नुकसान हा माझा विषय आहे. एका ऑनलाइन परिषदेत ओळख झालेली एक ग्रीक विद्यार्थिनी याच कुळातल्या माशावर काम करते. तिची नोंदणी लेस्बॉस बेटावरील एजियन विद्यापीठात आहे, पण सध्या ती अमेरिकी सरकारच्या फुलब्राइट फेलोशिपवर सहा महिन्यांसाठी अमेरिकेतील एका विद्यापीठात गेली आहे आणि पदवी मात्र तिला ग्रीसचीच मिळणार आहे. ही व्यवस्था नेमकी कशी असते? ती युरोपीय असल्यामुळे तिला हे जमले का? मला असे जाता येईल का?
— संशोधक विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : नोंदणी, मार्गदर्शक, प्रबंध आणि पदवी हे सारे स्वतःच्या विद्यापीठाचे राहते, परदेशी विद्यापीठ विद्यार्थ्याला ठरावीक महिन्यांपुरते पाहुणा संशोधक म्हणून सामावून घेते आणि ग्रंथालय, प्रयोगशाळा व एका प्राध्यापकाचा वेळ त्याला उपलब्ध करून देते, खर्च बहुधा तिसरीच संस्था उचलते. आपल्या मैत्रिणीच्या बाबतीत ही तिसरी संस्था म्हणजे अथेन्समधील फुलब्राइट प्रतिष्ठान होय. त्यामागचा ग्रीस-अमेरिका करार १९४८ सालचा आहे. भारताने तसाच करार २ फेब्रुवारी १९५० रोजी केला, आणि २००८ च्या नव्या करारानंतर भारत सरकार खर्चात बरोबरीचे भागीदार झाल्यामुळे आपल्याकडील फेलोशिप ‘फुलब्राइट-नेहरू’ या नावाने दिल्या जातात. म्हणजे आपली मैत्रीण ज्या दाराने गेली, ते दार आपल्यासाठीही जवळजवळ तितकेच जुने आहे. युरोपीय असल्याचा फायदा तिला होतो तो युरोपातल्या युरोपात फिरताना, कारण तेथे तिला व्हिसा लागत नाही आणि विद्यापीठाविद्यापीठांतील इरॅस्मस या विद्यार्थी-देवाणघेवाण योजनेच्या करारांचे जाळे हाताशी असते. अमेरिकेला जाताना तीही आपल्यासारखीच परदेशी असते.

ग्रीसमधील पीएच.डी.विषयी थोडे सांगतो, कारण तुलना केल्याशिवाय तिच्या जाण्याचे मोल लक्षात येणार नाही. तेथे डॉक्टरेटची किमान मुदत तीन वर्षांची आहे. विद्यार्थी तीन सदस्यांच्या सल्लागार समितीच्या देखरेखीखाली काम करतो आणि अखेरीस सात परीक्षकांसमोर प्रबंध मांडतो. सरकारी विद्यापीठांत डॉक्टरेटसाठी साधारणपणे शुल्क नसते, पण पगारही नसतो. १९५१ पासून चालत आलेले सरकारी शिष्यवृत्ती प्रतिष्ठान, ओनासिस प्रतिष्ठानासारख्या खासगी संस्था किंवा एखादा युरोपीय प्रकल्प यांपैकी कोणाचा आधार मिळाला तर ठीक. न मिळाल्यास शिकवण्या आणि नोकरी सांभाळून संशोधन चालते. २०१० नंतरच्या आर्थिक संकटात विद्यापीठांचे अनुदान आटले, नव्या नेमणुका थांबल्या आणि शिकलेली तरुण पिढी मोठ्या संख्येने जर्मनी, ब्रिटन, नेदरलँड्सकडे निघून गेली. संशोधकांना मायदेशातच पैसा मिळावा म्हणून २०१६ मध्ये संशोधन व नवोन्मेषासाठी स्वतंत्र राष्ट्रीय प्रतिष्ठान स्थापन झाले, ते याच पार्श्वभूमीवर. अशा देशातल्या विद्यार्थ्याला सहा महिने बाहेर जाऊन, शिकून, परत आपल्या बेटावर येऊन प्रबंध पुरा करता येणे ही लहान गोष्ट नाही. शिकला तो मुंबईला गेला, हे पिढ्यान् पिढ्या पाहिलेल्या कोकणाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. मला अशा फेलोशिपचे महत्त्व वाटते ते मुख्यतः याच कारणासाठी: त्या माणसाला मुळापासून उपटत नाहीत.

आता आपल्या विषयाकडे येऊ. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यापासून तांबड्या समुद्रातल्या आणि हिंद महासागरातल्या कित्येक जाती भूमध्य समुद्रात शिरल्या आहेत. केंडाच्या कुळातील ‘लागोसेफॅलस’ वंशाची एक मोठी, चंदेरी गालांची जात २००३ मध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर प्रथम नोंदली गेली आणि थोड्याच वर्षांत क्रीट व ऱ्होड्स या ग्रीक बेटांवरच्या मच्छीमारांची डोकेदुखी झाली. चार दातांच्या त्या चोचीने जाळ्याला पाडलेली भोके कात्रीने कापल्यासारखी स्वच्छ असतात, आणि जाळ्यात अडकलेली मासळीही अर्धी खाल्लेली हाती येते, हे मी आपल्याला सांगावे असे नाही. त्याच्या अंगात टेट्रोडोटॉक्सिन हे विष असल्यामुळे युरोपीय संघात त्या कुळातील माशांच्या विक्रीला बंदी आहे, त्यामुळे तो पकडून विकण्याचा मार्गही तेथील मच्छीमाराला मोकळा नाही. मात्र त्यांच्या समुद्रात हे कूळ नवखे आहे आणि आपल्या समुद्रात मूळचे. त्याचे शत्रू कोण, तो कोणत्या ऋतूत किनाऱ्याजवळ येतो, कोणत्या जाळ्याला जास्त लागतो, याविषयी हर्णै, मिरकरवाडा किंवा मालवणच्या रापणकरांकडे जी पिढीजात माहिती आहे, ती भूमध्य समुद्रावर काम करणाऱ्या कोणाकडेही नाही. यजमान प्राध्यापकाला पत्र लिहिताना आपण काहीतरी मागायला चाललो आहोत असे न समजता, आपल्याजवळ देण्यासारखे काय आहे हे पहिल्या परिच्छेदातच लिहावे.

दुसरी गोष्ट अधिक कठोर आहे. निवड समिती प्रत्येक अर्जाला एकच प्रश्न विचारते: हे काम घरी बसून का होत नाही? ‘तेथे अद्ययावत उपकरणे आहेत’ हे उत्तर बहुतेक वेळा टिकत नाही. विषाचे पृथक्करण करायचे असेल तर दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आपल्यापासून एका दिवसाच्या अंतरावर आहे आणि कोचीला केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था आहे. तेथे होणाऱ्या कामासाठी अटलांटिक ओलांडण्याचे कारण उरत नाही. परंतु एखाद्या परदेशी गटाने आगंतुक जातींच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या असतील, मच्छीमारांकडून आलेली माहिती सांख्यिकीत बसवण्याची पद्धत त्यांनी विकसित केली असेल आणि ती पद्धत आपल्याला त्यांच्या शेजारी बसूनच शिकता येणार असेल, तर ते कारण खरे आहे. ग्रीसमध्येच जायचे असेल तर हेलेनिक सागरी संशोधन केंद्राचा क्रीटमधील विभाग या दृष्टीने पाहावा.

अर्जाचा क्रम असा ठेवावा. आधी मार्गदर्शकांशी बोलावे. त्यांची मनापासून संमती नसेल तर पुढचे काहीही जमत नाही. त्यानंतर यजमान प्राध्यापकाला एका पानाचे पत्र लिहावे, त्यात त्यांचा एखादा शोधनिबंध आपण खरोखर वाचला आहे हे दिसावे आणि आपण तेथे कोणत्या महिन्यात काय कराल हे स्पष्ट असावे. उत्तर न आल्यास काही आठवड्यांनी नम्रपणे पुन्हा लिहावे आणि दुसरीकडेही विचारावे. निमंत्रणपत्र हाती आले की अर्धे काम झाले. फुलब्राइट-नेहरू डॉक्टोरल फेलोशिप सहा ते नऊ महिन्यांची असते. मासिक विद्यावेतन, येण्याजाण्याचे विमानभाडे आणि आरोग्य संरक्षण तीत येते. अर्ज वर्षाच्या पूर्वार्धात मागवले जातात आणि प्रत्यक्ष जाणे पुढच्या वर्षी होते, म्हणून त्या वर्षीची सूचना मुळातून वाचूनच बेत आखावा. विषय समुद्राच्या निरीक्षणाशी जोडता येत असेल तर पोगो आणि स्कोर या आंतरराष्ट्रीय संस्थांची एक ते तीन महिन्यांची अभ्यागत फेलोशिप विकसनशील देशांतील तरुण संशोधकांसाठीच आहे, तिचाही विचार करावा. शेवटची सूचना महत्त्वाची: माशांचे नमुने बरोबर नेण्याचा विचार असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी आधी घ्यावी लागते. ती हाती येण्यास वेळ लागतो आणि तिच्याशिवाय एक कल्लाही देशाबाहेर नेऊ नये.

प्रश्न : माझी पीएच.डी.ची नोंदणी होऊन चारच महिने झाले आहेत. आताच परदेशी फेलोशिपसाठी अर्ज करावा का?
— संशोधक विद्यार्थी, चिपळूण

उत्तर : करू नये. कोर्सवर्क पुरे व्हावे, आराखडा मंजूर व्हावा आणि स्वतः गोळा केलेली थोडी सामग्री हातात असावी. बहुतेक योजनांत अर्जापूर्वी ठरावीक काळ नोंदणी झालेली असण्याची अट असतेच, आणि ती योग्य आहे. हे वर्ष वाचनाला द्यावे आणि वाचताना कोणत्या गटाची नावे वारंवार समोर येतात याची टिपणे ठेवावीत.

प्रश्न : आमची आंब्याची बाग आहे. मुलगी मुंबईत रसायनशास्त्रात पीएच.डी. करते. रामन-शार्पाक फेलोशिपवर पाच महिने फ्रान्सला जाण्यासाठी ती अर्ज करते आहे. त्याच प्रयोगशाळेत ग्रीसची एक मुलगीही येणार असून दोघी मिळून खोली घेतील असे ती सांगते. आमच्या मनात काही शंका आहेत. मध्येच गेल्याने पदवी लांबणार नाही ना? घरातून किती पैसे लागतील? तिच्यासाठी स्थळेही पाहत आहोत. ती तिथेच राहिली तर?
— एक पालक, देवगड

उत्तर : आपल्या शंका रास्त आहेत आणि त्या आपण मोकळेपणाने लिहिल्यात याचा आनंद वाटला.

पदवीविषयी प्रथम सांगतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.साठी किमान तीन आणि कमाल सहा वर्षांची मुदत आहे. पुनर्नोंदणीने ती दोन वर्षे वाढू शकते आणि महिला संशोधकांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत आहे. पाच महिने या मुदतीत सहज बसतात. मार्गदर्शक आणि संशोधन सल्लागार समितीने लेखी मान्यता दिली असेल तर परदेशातील काम हे पीएच.डी.चेच काम ठरते, त्यात खंड पडत नाही. तिला येथे जेआरएफ किंवा एसआरएफ (कनिष्ठ किंवा वरिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळत असेल, म्हणजे दरमहा ३७,००० किंवा ४२,००० रुपयांचे विद्यावेतन चालू असेल, तर परदेशात असतानाच्या महिन्यांत त्याचे काय होणार हे जाण्यापूर्वी विद्यापीठाच्या कार्यालयातून लेखी विचारून घ्यावे. तोंडी आश्वासनावर विसंबल्यामुळे परत आल्यावर वसुलीची पत्रे आलेली विद्यार्थ्यांची उदाहरणे मला माहीत आहेत.

रामन-शार्पाक ही भारत व फ्रान्स यांच्या सरकारांनी मिळून २०१३ मध्ये सुरू केलेली योजना आहे. चंद्रशेखर व्यंकट रामन आणि जॉर्ज शार्पाक या दोन नोबेल विजेत्या भौतिकशास्त्रज्ञांची नावे तिला दिलेली आहेत. मुक्काम दोन ते सहा महिन्यांचा असतो आणि राहण्याखाण्याच्या खर्चासाठी विद्यावेतन मिळते. तरीही पहिल्या महिन्याची रक्कम खात्यात पडेपर्यंत व्हिसाचे शुल्क, खोलीची अनामत आणि तेथे पोहोचल्यानंतरचा किरकोळ खर्च घरातून करावा लागतो. त्यासाठी थोडी रक्कम बाजूला काढून ठेवावी, पण बाग गहाण टाकण्याची किंवा कर्ज काढण्याची वेळ येत असेल तर काहीतरी चुकते आहे असे समजावे. अशी फेलोशिप मिळवून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या कोणत्याही मध्यस्थाला एक रुपयाही देऊ नये. या अर्जांना मध्यस्थ लागतच नाही.

ग्रीसच्या मुलीला फ्रान्समध्ये येण्यासाठी ओळखपत्र पुरेल, आपल्या मुलीचे तसे नाही. शेंगेन देशांत, म्हणजे अल्प मुक्कामासाठी एकच सामाईक व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांत, नव्वद दिवसांहून अधिक राहायचे असल्यास त्या देशाचा दीर्घ मुदतीचा व्हिसा घ्यावा लागतो. पाच महिन्यांसाठी तो लागणारच, आणि त्यासाठी यजमान संस्थेची कागदपत्रे वेळेवर यावी लागतात. दोघी एकाच महिन्यात अर्ज करून एकाच दिवशी पोहोचतील असे गृहीत धरू नये आणि खोलीचे भाडेही त्या हिशेबाने ठरवावे. दोघी मिळून राहणार आहेत ही मात्र चांगलीच गोष्ट आहे. परक्या गावात पहिल्या महिन्यात जी उदासी येते, तिच्यावर बरोबरीने काम करणाऱ्या सोबतिणीइतका दुसरा उतारा नाही.

राहता राहिला परत येण्याचा प्रश्न. तिचा प्रबंध येथे सादर व्हायचा आहे, मार्गदर्शक येथे आहेत, पदवी येथली आहे. या फेलोशिपची घडणच परत येण्याची आहे. (सरकारी पैशाने अमेरिकेला जाणाऱ्या फुलब्राइट अभ्यासकांना तर पुन्हा तेथे नोकरीचा किंवा कायम वास्तव्याचा व्हिसा घेण्यापूर्वी दोन वर्षे मायदेशात राहण्याचे बंधन असते.) पुढे ती कोठे नोकरी करील, हे आज मी सांगू शकत नाही आणि आपणही ठरवू नये. स्थळांविषयी एवढेच सुचवतो, की जे स्थळ पाच महिने थांबण्यास तयार नाही, ते तिच्या पुढच्या कामालाही कितपत साथ देईल, याचा विचार आपण तिला बरोबर बसवून करावा.

प्रश्न : कोकणातील प्राचीन बंदरांवर मी पीएच.डी. करत आहे. ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या ग्रीक ग्रंथात आमच्या चौलचा उल्लेख असल्याने त्याचा मुळातून अभ्यास करण्यासाठी काही महिने अथेन्सला जावे असे वाटते. हा विचार योग्य आहे का?
— संशोधक विद्यार्थी, रेवदंडा

उत्तर : विचार योग्य आहे, गाव कदाचित चुकते आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यावर, इजिप्तहून व्यापार करणाऱ्या एका ग्रीकभाषक माणसाने लिहिलेल्या त्या लहानशा ग्रंथात सुप्पारा, कल्लिएना आणि सेमिल्ला ही नावे येतात. सोपारा, कल्याण आणि चौल यांच्याशी त्यांची सांगड बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे. त्यांच्या दक्षिणेकडील मंदगोरा, मेलिझिगारा आदी नावे बाणकोट, जयगड, राजापूर यांपैकी कोणत्या खाडीवर बसवायची, याविषयी मात्र एकमत नाही, आणि माझ्या मते आपल्या प्रबंधाला खरा वाव तेथेच आहे. या ग्रंथाची दहाव्या शतकातील हस्तलिखित प्रत अथेन्समध्ये नाही. ती जर्मनीत हायडेलबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे, आणि तिच्या मागाहूनची एक प्रत लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. हायडेलबर्गच्या प्रतीची छायाचित्रे ग्रंथालयाने सर्वांसाठी खुली केलेली आहेत, म्हणजे नुसती प्रत पाहायची असेल तर रेवदंड्याहूनही पाहता येते. तेव्हा केवळ हस्तलिखितासाठी फेलोशिप मागू नये. ग्रीक पाठाची चिकित्सा, एखाद्या अक्षराची दुरुस्ती केल्याने बंदराची ओळख कशी बदलते, हे ज्याच्याकडून शिकता येईल अशा अभ्यासकाच्या नावाने अर्ज करावा. हायडेलबर्गला प्राचीन ग्रीकचे अध्ययन आहे आणि १९६२ मध्ये स्थापन झालेली दक्षिण आशिया संस्थाही आहे, जेथे गुंथर सोन्थायमर यांनी खंडोबा आणि धनगरांच्या परंपरांवर आयुष्यभर काम केले. मराठी मुलुखाविषयी तेथे पहिल्यापासून समजावून सांगावे लागणार नाही. डाड या जर्मन शैक्षणिक विनिमय संस्थेच्या संशोधन अनुदानांचा मार्ग आपल्यासाठी सर्वांत सरळ ठरेल.

जाण्यापूर्वी वर्षभर तरी प्राचीन ग्रीकचे व्याकरण शिकावे, ही अट मी आपल्यावर घालीन. ग्रीसमधून संस्कृतकडे वळणारा विद्यार्थी हे कष्ट करूनच येतो. अथेन्सचा दिमित्रिओस गालानोस काशीत राहून संस्कृत शिकला, १८३३ मध्ये तेथेच वारला, आणि त्याने केलेले भगवद्गीतेचे ग्रीक भाषांतर त्याच्या मृत्यूनंतर अथेन्समध्ये छापले गेले. त्याला कोणी फेलोशिप दिली नव्हती. आज आपल्या बंदरांवर काम करू इच्छिणारा ग्रीक विद्यार्थी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काही महिने येऊ शकतो, आणि त्याला चौलची खाडी दाखवण्यासाठी आपल्यासारख्याचीच गरज पडेल. दोन्ही बाजूंनी एकेक विद्यार्थी असेल तर बंदरांच्या नावांचा प्रश्न एकत्र सोडवता येईल, म्हणून त्या दृष्टीनेही ओळखी कराव्यात.

प्रश्न : मालवणात आमचे निवास-न्याहरीचे घर आहे. प्रवाळांवर पीएच.डी. करणारा ग्रीसचा एक विद्यार्थी दोन महिने राहण्यासाठी विचारतो आहे. तो पर्यटक नाही, मग आमच्यावर काही वेगळी जबाबदारी येते का?
— घरमालकीण, मालवण

उत्तर : आपली स्वतःची जबाबदारी मोजकी आहे. परदेशी पाहुणा उतरल्यापासून चोवीस तासांत त्याची माहिती ऑनलाइन कळवावी लागते, जिला व्यवसायातले लोक सी फॉर्म म्हणतात. पासपोर्ट आणि व्हिसा यांच्या प्रती ठेवाव्यात. हे पर्यटकासाठीही करावे लागते, त्यामुळे आपल्याला ते नवीन नसावे.

बाकीचे त्याने करायचे आहे, पण आपण आधी विचारलेले बरे. संशोधनासाठी येणाऱ्याला संशोधनाचा व्हिसा लागतो, पर्यटनाचा चालत नाही, आणि त्यासाठी एखाद्या भारतीय संस्थेशी त्याची संलग्नता असावी लागते. ती संस्था कोणती आणि तेथील जबाबदार प्राध्यापक कोण, हे त्याच्याकडून लिहून घ्यावे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तेव्हा तेथे अभ्यासासाठी उतरायचे तर वनविभागाची परवानगी हवी. आणि प्रवाळाचा तुकडाच काय, कोणताही सजीव नमुना संशोधनासाठी गोळा करायचा तर परदेशी नागरिकाला राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वमान्यता लागते. नीट तयारीने येणाऱ्या विद्यार्थ्याजवळ हे सारे कागद असतात आणि विचारल्याचा त्याला राग येत नाही.

एक विनंती आहे. त्याला होडीवाले आणि पाणबुडे यांची गाठ आपणच घालून द्यावी आणि त्यांच्या वेळेचा मोबदला आधी ठरवून घ्यावा, कारण फेलोशिपमध्ये क्षेत्रकामाच्या खर्चाची तरतूद असेल तर त्याला त्यासाठी पावत्या लागतील. परत गेल्यावर निष्कर्षांची एक प्रत गावात, शक्यतो मराठी सारांशासह, पाठवण्याचे त्याच्याकडून आताच कबूल करून घ्यावे.